समुद्रमाशांच्या पिलांचा पहिला घास

मद्रासच्या किनाऱ्यावर गव्हर्नर ग्रँट डफ याने १८८४ साली फिरण्यासाठी एक प्रशस्त रस्ता तयार करविला आणि सिसिली बेटाच्या जुन्या आठवणीवरून त्याला ‘मरीना’ हे नाव दिले. या रस्त्यावर १९०९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एक इमारत लोकांसाठी खुली झाली. तिच्या भिंतींत काचेच्या खिडक्या होत्या आणि त्या खिडक्यांपलीकडे समुद्राच्या पाण्यात मासे पोहत होते. भारतातील हे पहिले मत्स्यालय होय. त्याची कल्पना मद्रासच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाचा प्रमुख एडगर थर्स्टन याची. दक्षिणेतील जाती-जमातींविषयीच्या त्याच्या सात खंडांमुळे थर्स्टनचे नाव अभ्यासकांना ठाऊक असते. ते खंडही १९०९ सालचेच. मन्नारच्या आखातातील मोत्यांच्या आणि शंखांच्या मासेमारीचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

जिवंत प्राणी दाखवून लोकांना संग्रहालयाकडे ओढून आणण्याची युक्ती मद्रासला नवी नव्हती. या संग्रहालयाचा पहिला चालक डॉ. एडवर्ड बाल्फोर याने १८५५ मध्ये आवारात पशू पाळावयास आरंभ केला. पेंढा भरलेल्या वाघापेक्षा श्वास घेणारा वाघ पाहण्यास लोक अधिक येतात, हे त्याने हेरले होते. पुढे ती प्राणिशाला ‘पीपल्स पार्क’मध्ये गेली. मत्स्यालय हे त्याच परंपरेतील पुढचे पाऊल होते. १९१९ मध्ये ते संग्रहालयाकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे गेले, आणि मरीनावर हवा खावयास आलेल्या कुटुंबांचे पाय कित्येक वर्षे तिकडे वळत राहिले. समोर समुद्र अथांग पसरलेला असे. पण त्याच्या पोटात काय आहे, हे पाहावयाचे तर पाठ त्याच्याकडे करून या इमारतीत शिरावे लागे!

या मत्स्यालयाने जर्मन ‘एम्डेन’ युद्धनौकेचा १९१४ सालचा भडिमार पाहिला आणि त्यातून ते सुखरूप राहिले. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्याचा निभाव लागला नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी हल्ल्याच्या धास्तीने मद्रास रिकामे होऊ लागले. पीपल्स पार्कमधील हिंस्र पशू मोकळे सुटतील या भीतीने त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मत्स्यालयही त्याच साली बंद पडले, ते पुन्हा उघडले नाही. तेथील मासे समुद्रातून धरून आणलेले होते. एक मेला की दुसरा आणावयाचा, अशीच तेव्हाच्या साऱ्या समुद्री मत्स्यालयांची रीत होती. समुद्रातील शोभेच्या माशाला काचेआड अंडी घालावयास लावावे आणि त्याची पिले माणसाने वाढवावी, ही गोष्ट तेव्हा मद्रासलाच काय, लंडनला किंवा नेपल्सलाही साधली नव्हती. ती साधावयास आणखी कित्येक वर्षे लागली. इतका काळ का लागावा, याचे उत्तर माशांच्या रंगात वा काचेच्या जाडीत सापडत नाही; ते पिलाच्या तोंडाच्या मापात आहे.

गोड्या पाण्याच्या माशांची गोष्ट अगदी निराळी. त्यांना पाळण्याची व पोसण्याची विद्या आपल्या देशात जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे माशांचे भेद दिले असून कोणत्या माशाला काय खाऊ घालावे याचीही माहिती आहे. मराठी भाषेच्या जुन्या खुणा शोधणारे विद्वान हा ग्रंथ हाताळतात, ते निराळ्या कारणासाठी. मत्स्यशास्त्रज्ञांनी त्याच्याकडे वळावे असेही त्यात पुष्कळ आहे.

या विद्येचे आजचे सर्वांत गजबजलेले ठिकाण मद्रासमध्येच, म्हणजे आजच्या चेन्नईत आहे. शहराच्या वायव्येस, विल्लिवाक्कमच्या शेजारी कोळत्तूर नावाचे उपनगर आहे. भारतातील शोभेच्या माशांच्या मोठ्या बाजारांत त्याची गणना होते. येथला व्यवसाय बव्हंशी घरगुती आहे. घराच्या मागे, परसात, क्वचित गच्चीवरही सिमेंटच्या टाक्या बांधलेल्या असतात. एकात गप्पी, दुसऱ्यात मॉली, तिसऱ्यात गोल्डफिश, आणखी कोठे एंजल, गुरामी नाही तर फायटर मासे. नवरा-बायको, म्हातारी माणसे, शाळेतून आलेली मुले, सारेच या कामाला हात लावतात. पाणी बदलावयाचे, पिले निवडावयाची, प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून तिचे तोंड रबराने आवळावयाचे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा नागपूर-पुण्याच्या दुकानातून एखाद्या मुलाने घरी नेलेला मासा अशा एखाद्या परसातच जन्मलेला असण्याचा संभव पुष्कळ.

कोळत्तूरच्या गृहिणीला जे ठाऊक असते, ते एका वाक्यात सांगता येते: मासे अंडी घालतातच, खरा प्रश्न पुढच्या आठ दिवसांचा असतो. गप्पी आणि मॉली यांची पिले जन्मतःच पोहू लागतात व बारीक केलेले कोणतेही खाद्य तोंडात घेतात. त्यांच्या बाबतीत काळजी एवढीच की, आईनेच त्यांना गिळू नये. फायटर आणि गुरामी यांचे तसे नाही. त्यांचा नर पाण्याच्या पृष्ठभागी बुडबुड्यांचे घरटे करतो, अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि राखण करतो. त्या अंड्यांतून निघणारे पिलू एखाद्या दोऱ्याच्या तुकड्याएवढे असते. त्याला पीठ किंवा चुरा देऊन चालत नाही. त्याला हलते, जिवंत आणि डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक भक्ष्य लागते. म्हणून एका भांड्यात केळ्याची साल, कोबीचे पान किंवा पेंढ्याची काडी कुजत टाकतात. दोन-चार दिवसांत ते पाणी गढूळ होऊन मग निवळते आणि त्यात सूक्ष्म जीव वळवळू लागतात. त्या पाण्याचे चमचाभर थेंब पिलांच्या टाकीत सोडले की त्यांची पोटे भरतात. हाच त्यांचा पहिला घास. शास्त्राच्या पुस्तकात त्याला ‘इन्फ्युझोरिया’ असे भारदस्त नाव आहे. परसात ते कुजलेल्या सालीचे पाणी असते.

गोड्या पाण्यात इतक्या स्वस्तात भागते, मग खाऱ्या पाण्यात का भागू नये, असे कोणालाही वाटेल. ते भागले नाही, याला समुद्रातील माशांची जन्मकथाच कारण आहे. त्यांपैकी बहुतेक मासे आपली अंडी मोकळ्या पाण्यात सोडून देतात. ती लाटांवर दूर वाहत जातात, आणि त्यांतून बाहेर पडणारे पिलू आठवडेच्या आठवडे उघड्या दर्यात तरंगत राहते. त्याला जन्मताना डोळे धड नसतात, तोंड उघडलेले नसते आणि बरोबर आणलेली शिदोरी म्हणजे अंड्यातील पिवळ्या बलकाचा एक कण. हा कण संपेपर्यंत तोंडात मावेल असे भक्ष्य समोर आले नाही, तर पिलू मरते. समुद्रात अशी पिले लाखोंनी मरतात आणि त्यांतून चार-दोन तरतात. निसर्गाला हा हिशेब परवडतो, टाकीत माशांची पैदास करणाऱ्याला परवडत नाही.

काचेच्या पेटीत समुद्र ठेवण्याचा छंद युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले आणि फिलिप हेन्री गॉस याच्या पुढच्याच वर्षीच्या पुस्तकाने घरोघर त्याचे वेड पसरविले. परंतु पेटीतील प्राणी जगविणे हाच त्यांचा सारा पुरुषार्थ होता. आशिया खंडात या छंदाला वेगळी दिशा दिली ती जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थाने. १९६१ साली त्याने आपली पद्धत एका मासिकातून जाहीर केली. समुद्रातून ताजे पाणी आणि सूक्ष्म जीवांनी भरलेले जिवंत खडक आणावे, हवेचे मोजके बुडबुडे सोडावे आणि बाकी काम निसर्गावर सोपवावे, एवढीच ती पद्धत. किनाऱ्यावर राहणाऱ्याला ती साजेशी होती. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांची सोय १९६४ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलेल्या कृत्रिम समुद्री मिठाने केली. या दोहोंमुळे मासा जगू लागला. पिलाचा प्रश्न तेथेच राहिला.

त्याची उकल शोभेच्या माशांच्या छंदातून झाली नाही, ती खाण्याच्या माशांच्या शेतीतून आली. तिचे दोन धागे आहेत. पहिला धागा मिठागरांचा. खाजणातल्या अति खारट पाण्यात आर्टेमिया नावाचा एक नाजूक, कोळंबीचा दूरचा नातलग असा जीव राहतो. पाणी आटू लागले की तो कवचबंद अंडी घालतो. ही अंडी वर्षानुवर्षे कोरडी ठेवता येतात आणि खाऱ्या पाण्यात टाकल्यावर दिवसभरात फुटून त्यांतून नारिंगी रंगाची पिले तरंगू लागतात. डब्यात भरून ठेवावे आणि हवे तेव्हा जिवंत करावे, असे हे खाद्य! अमेरिकेत आल्विन सील याने १९३३ मध्ये आणि नॉर्वेत रोलेफसेन याने १९३९ मध्ये त्याचा माशांच्या पिलांसाठी उपयोग दाखविला. भारतात हा जीव प्रथम नोंदला गेला तो मुंबईत, वडाळ्याच्या मिठागरांत. ही नोंद १९५३ मध्ये डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी केली. ‘होराइक्थिस सेतनाय’ हा इवलासा मासा १९४० साली जगापुढे मांडणारे मत्स्यशास्त्रज्ञ ते हेच. वडाळ्याच्या खाऱ्या डबक्यातले ते ठिपके पुढे मत्स्यबीज केंद्रांच्या दृष्टीने केवढ्या मोलाचे ठरणार आहेत, याची कल्पना तेव्हा किती जणांना असेल?

परंतु आर्टेमियाचे पिलू सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे असते, आणि समुद्री माशाच्या नवजात पिलाच्या तोंडात तेही मावत नाही. यासाठी दुसरा धागा कामी आला, तो जपानमधील वामच्या तळ्यांचा. तेथील तळ्यांचे हिरवे पाणी मधूनच एकाएकी निवळून जाई आणि वाम मासे आजारी पडत. तळेवाल्यांच्या दृष्टीने ते मोठेच अरिष्ट होते. पाण्यातील हिरवे शेवाळकण खाऊन फस्त करणारा एक सूक्ष्म प्राणी याच्या मुळाशी होता. त्याचे नाव रोटिफर. डोक्यावरच्या केसांचे चक्र गरगर फिरवीत तो पाण्यातले कण तोंडाकडे ओढतो. ताकाशी इतो या शास्त्रज्ञाने या उपद्रवी जीवाकडे उलट्या बाजूने पाहिले. जो इतक्या झपाट्याने वाढतो, खाऱ्या पाण्यात राहतो, सावकाश पोहतो आणि मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढाच असतो, तो माशाच्या पिलाचे आदर्श भक्ष्य का होऊ नये? १९६० मध्ये त्याने हे मांडले, आणि समुद्री मत्स्यबीजाच्या सर्व उद्योगाचा पाया घातला गेला. तळेवाल्यांचा शत्रू पिलांची दाई झाला.

शोभेच्या माशांत या शोधाचा पहिला लाभ विदूषक माशाला मिळाला. बाजारात त्याला क्लाऊनफिश म्हणतात. २००३ च्या एका चित्रपटानंतर मुले त्याला ‘नीमो’ या नावानेच ओळखतात. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा समुद्रफुलाच्या विषारी काट्यांत निर्धास्त राहतो. फ्लॉरिडात मार्टिन मो याने १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याची पैदास व्यापारी प्रमाणावर करून दाखविली, आणि १९९८ मध्ये जॉयस विल्करसन यांच्या पुस्तकाने ती विद्या घरगुती पाळणाऱ्यांच्या हाती दिली. या माशाची निवड उगाच झाली नव्हती. तो आपली अंडी दर्यावर सोडून देत नाही. समुद्रफुलाजवळच्या खडकाला चिकटवून ठेवतो आणि राखतो. त्याचे पिलूही इतर समुद्री पिलांच्या मानाने थोडे थोराड, तीन-चार मिलिमीटरचे असते.

याची गृहस्थी विलक्षण आहे. सारी पिले प्रथम नर होतात. एका समुद्रफुलातील कुटुंबात सर्वांत मोठी असते ती मादी; तिच्या खालोखाल तिचा जोडीदार नर; बाकीचे खुरटलेले उमेदवार. मादी मेली की जोडीदार नरच काही काळात मादी होतो आणि उमेदवारांपैकी पहिला त्याच्या जागी येतो. हान्स व सिमोन फ्रिके यांनी हे १९७७ मध्ये सिद्ध केले. पैदास करणाऱ्याची यामुळे मोठी सोय होते. नर-मादी ओळखण्याची खटपट नको. दोन लहान मासे एका टाकीत ठेवले की त्यांच्यातले भांडणच ते ठरवून टाकते.

जोडी जमली की नर एखादा दगड किंवा मातीच्या कुंडीचा तुकडा तोंडाने घासून स्वच्छ करतो. मादी त्यावर शेकडो नारिंगी अंडी रांगेने चिकटविते. पुढचे सात-आठ दिवस नराला उसंत नसते. तो परांनी अंड्यांना वारा घालतो, तोंडाने धूळ झाडतो, नासलेले अंडे वेचून खातो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात. अंडी फुटतात ती दिवस मावळल्यावर, अंधार पडल्यापासून तास-दोन तासांत; कारण समुद्रात उजेडी बाहेर पडणारे पिलू शत्रूच्या तोंडी जाते. म्हणून अनुभवी माणूस त्या संध्याकाळी अंड्यांचा दगड वेगळ्या टाकीत उचलून ठेवतो, बापाच्या परांऐवजी हवेच्या बारीक नळीचे बुडबुडे त्यावरून सोडतो आणि खोलीतला दिवा मालवतो. घरातल्या माणसांनाही त्या खोलीत दिवा लावण्याची मनाई होते.

आणि मग तो प्रश्न येतो, ज्याच्यासाठी वामच्या तळ्यांपर्यंत जावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ही पिले भुकेली असतात. त्यांना रोटिफर हवे असतात, आणि तेही पाण्यात इतके दाट की मान वळविली की तोंडाशी यावे. प्रत्येक घनसेंटिमीटर पाण्यात दहाच्या आसपास. रोटिफर आयत्या वेळी कोठून आणणार? म्हणजे ते आधीच वाढविलेले असावयास हवेत. ते वाढविण्यासाठी सूक्ष्म शेवाळ हवे. नॅनोक्लोरोप्सिस या लांबलचक नावाचे हे शेवाळ बाटल्यांतून, ट्यूबलाइटच्या उजेडात, खत घालून वाढवितात. त्याचे पाणी हिरवेगार दिसते. तेव्हा क्रम असा उलटा लागतो: माशांच्या जोडीची तयारी करण्यापूर्वी शेवाळाची, शेवाळानंतर रोटिफरची आणि सर्वांत शेवटी पिलांची. नवशिक्या हौशी माणसाची फजिती बहुधा येथेच होते. तो सुंदर मासे आणतो, मासे अंडी घालतात, पिले निघतात आणि त्यांना द्यावयास घरात काहीच नसते.

यातही एक बारकावा आहे. रोटिफर हे स्वतः अन्न नव्हे, अन्नाची पिशवी आहे. त्याने चांगले शेवाळ खाल्ले असेल तरच त्याच्या पोटातील पोषक तेले पिलाला मिळतात. उपाशी रोटिफर खाऊन पिले पोट भरल्यासारखी दिसतात आणि आठव्या-दहाव्या दिवशी, अंगावर पट्टे उमटण्याच्या ऐन वेळी, धडाधड मरतात. जी तरतात, त्यांना मधल्या काळात हळूहळू आर्टेमियाच्या पिलांची सवय लावावयाची. पारदर्शक, काळपट रेषेसारखे दिसणारे पिलू एके दिवशी तळाकडे उतरते, त्याच्या डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा दिसतो, आणि पाळणाराचा जीव भांड्यात पडतो. तेथून बाजारात जाण्याजोगे होण्यास आणखी काही महिने लागतात. पण ती काळजी वेगळ्या प्रतीची.

चेन्नईच्या घरात हे सारे करावयाचे तर आणखी काही गोष्टी आड येतात. समुद्र जवळ आहे खरा. परंतु मरीनाच्या उत्तर टोकाशी कूवम नदी शहराचे सांडपाणी घेऊन मिळते. तेव्हा पाणी आणावयाचे ते शहराबाहेर दक्षिणेकडून. ते गाळून, अंधारात साठवून, ब्लीचिंगने निर्जंतुक करून मग छायाचित्रकारांच्या ‘हायपो’ने त्यातला क्लोरीन घालवावा लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस या किनाऱ्यावर कोसळतो, तेव्हा किनाऱ्यालगतच्या पाण्याचा खारेपणाच उतरतो. उलट उन्हाळ्यात टाकीतले पाणी आटते आणि खारेपणा चढतो. आटलेल्या पाण्याची भर समुद्राच्या पाण्याने करणारा माणूस फसतो. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावयाची. आणि वीज गेली की बुडबुडे थांबतात; लहान टाकीत दाटीने वाढणाऱ्या पिलांना तो अर्धा-पाऊण तासही जड जातो.

तरीही हे घडावे, याला मोठे कारण आहे. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आज बहुतांशी पैदाशीचे असतात. समुद्री माशांत नेमके उलट आहे. त्यांतील फार मोठा भाग अद्याप प्रवाळांच्या खडकांतून धरून आणावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ च्या अहवालात या व्यापारात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मासे जातात असा अंदाज दिला आहे. जाती चौदाशेंहून अधिक. फिलिपिन्समध्ये १९६० नंतर सायनाइड पाण्यात मारून मासे गुंगविण्याची पद्धत रूढ झाली. तिने मासा हाती येतो, पण भोवतालचे प्रवाळ मरते. भारतात मन्नारच्या आखातातील एकवीस बेटांना १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण मिळाले, २००१ मध्ये प्रवाळ व समुद्रघोडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेले. धरण्याची वाट अशी अरुंद होत गेली, आणि वाढविण्याची वाट रुंद करणे भाग पडले.

ते काम ज्या संस्थांनी केले, त्यांचीही मुळे मद्रासमध्येच सापडतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ च्या फेब्रुवारीत मद्रासला सुरू झाली आणि दोन वर्षांनी मंडपमला गेली. तिच्या विळिंजम व मंडपम येथील केंद्रांत डॉ. जी. गोपकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदूषक माशांच्या अनेक जातींची पैदास साधली. परंगीपेट्टै येथे, म्हणजे हैदरअलीच्या १७८१ च्या लढाईमुळे इतिहासात पोर्टो नोवो म्हणून गाजलेल्या गावी, अण्णामलै विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र केंद्रातही हे प्रयोग झाले. त्या प्रयोगांचा वारसा महाराष्ट्रापर्यंत पोहोचला आहे. ठाण्याच्या खाडीकाठी ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने विदूषक माशांचे बीज तयार होऊ लागले. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर त्याच ब्यूरोने शोभेच्या कोळंबीची पिले स्थानिक स्त्रियांच्या हाती वाढविण्यास दिली. या योजनेतील शहाणपण असे की, शेवाळ-रोटिफरचा जिकिरीचा पहिला पंधरवडा संस्था सांभाळते आणि पट्टे उमटलेले पिलू घरी पाठविते. पहिला घास प्रयोगशाळेत, पुढचे जेवण घरात.

कोळत्तूरला मात्र एक कटू अनुभवही यावयाचा होता. २०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने मत्स्यपेट्यांच्या दुकानांसाठी प्राण्यांवरील क्रूरता टाळण्याचे नियम काढले. त्यांत ज्या दीडशेहून अधिक जाती ठेवण्यास मनाई होती, त्यांत विदूषक मासाही होता. नियमामागचा हेतू चांगला होता, यात संशय नाही. पण खडकातून ओरबाडलेला आणि टाकीत जन्मलेला मासा डोळ्यांना एकसारखाच दिसतो. दोघांना एकाच मापाने मोजले, तर वाढविणाऱ्याने का वाढवावे? व्यापाऱ्यांनी व पैदासकारांनी विरोध केला आणि ते नियम पुढे मागे घेण्यात आले. परसातल्या टाकीवर पोट असणाऱ्या कुटुंबांचे ते महिने मात्र धास्तीत गेले.

कोळत्तूरहून समुद्र तसा दूर आहे, आणि खऱ्या समुद्री माशासाठी खारे पाणी टँकरने आणणे साध्या कुटुंबाला परवडणारे नाही. या अडचणीवर एक तोड चेन्नईच्या दक्षिणेस, मुट्टुक्काडच्या खाडीकाठी निघाली आहे. केंद्रीय निमखारे जलजीवसंवर्धन संस्था चेन्नईत १९८७ मध्ये स्थापन झाली. तिच्या मुट्टुक्काड येथील केंद्रात १९९७ साली जिताड्याची भारतातील पहिली कृत्रिम पैदास झाली. तेथेही पिलांना प्रथम रोटिफर आणि मग आर्टेमिया, हाच क्रम होता. जिताडा हा खाण्याचा मासा. पण त्याच्यासाठी उभारलेल्या शेवाळाच्या आणि रोटिफरच्या टाक्यांवर पुढे शोभेच्या माशांचीही पिले पोसली गेली: चंदेरी चांदणीसारखा ‘सिल्व्हर मूनी’ आणि अंगभर ठिपके असलेला ‘स्कॅट’. हे दोन्ही मासे खाडीचे रहिवासी. भरतीबरोबर खाऱ्यात आणि ओहोटीबरोबर मचूळ पाण्यात राहण्याची त्यांना जन्माची सवय. लहानपणी पाण्यातले मीठ थोडे थोडे उतरवीत नेले, तर ते जवळजवळ गोड्या पाण्यातही तग धरतात. म्हणजे बीज केंद्रातून पिशवीत घालून आणलेले नखाएवढे मूनी कोळत्तूरच्या सिमेंटच्या टाकीत सोडता येतात आणि त्यांच्यासाठी समुद्राचे पाणी वाहून आणावे लागत नाही. मीठ पाण्यात किती मिसळावयाचे, एवढे त्या घरच्या माणसांनी शिकून घेतले की पुरे होते.